काचबिंदूत नस वाचवणारी प्रथिनं आहेत, मग ती औषध म्हणून का मिळत नाहीत?

लालबागहून एका ताईंनी विचारलं आहे. वडील ७१ वर्षांचे, पूर्वी गिरणीत होते. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. उजव्या डोळ्याची नस बरीच सुकली आहे, डावा अजून चांगला आहे. दोन प्रकारचे थेंब चालू आहेत, प्रेशर १५-१६ च्या आसपास राहतं, तरीही या वेळच्या फिल्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा परीघ तपासणाऱ्या चाचणीत, डाव्या डोळ्यात नवा काळा भाग दिसला. एका नातेवाइकानं सांगितलं की नसेच्या पेशी जिवंत ठेवणारी प्रथिनं शरीरात असतात आणि आता ती 'ग्रोथ फॅक्टर' म्हणून डोळ्यामागे इंजेक्शननं देतात. तीन इंजेक्शनांचं पॅकेज, त्यात स्टेमसेल, म्हणजे मूलपेशीही. ताईंचे प्रश्न असे: ही प्रथिनं खरंच असतात का? असतील तर आमचे डॉक्टर ती का देत नाहीत? आणि इंजेक्शन घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात तुमचे पैसे आणि बाबांचा डावा डोळा दोन्ही अडकलेलं आहे. इंजेक्शन घेऊ नका. आगाऊ रक्कम भरली असेल तर परत मागा.

पण प्रथिनं खरी आहेत. त्यांच्यावर जगभर चाळीसहून अधिक वर्षं काम चाललं आहे आणि काचबिंदूत नस का मरते हे आपल्याला पुष्कळसं त्यांच्यामुळेच कळलं. 'सगळं थोतांड आहे' एवढं सांगून तुम्हाला परत पाठवणं मला योग्य वाटत नाही. मी रोज काचबिंदूचेच रुग्ण पाहते आणि हा प्रश्न आता दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. तेव्हा नीट सांगते.

डोळ्याच्या पडद्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला गँगलियन पेशी असतात. एका डोळ्यात साधारण १० ते १२ लाख. पेशी स्वतः मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढी, पण तिच्यातून निघणारा तंतू पडद्यावरून सरकत, नसेच्या तोंडाशी वळून, डोळ्याबाहेर पडून थेट मेंदूतल्या थॅलॅमसपर्यंत जातो, म्हणजे सात-आठ सेंटीमीटर. असे लाखो तंतू एकत्र आले की झाली डोळ्याची नस. बाबांच्या रिपोर्टवर 'नस सुकली' असं जे सांगतात, त्याचा अर्थ यातले पुष्कळ तंतू आणि त्यांच्या पेशी मेल्या आहेत.

आता मुद्दा असा की ही पेशी स्वतःच्या बळावर जगत नाही. तंतूचं टोक मेंदूत जिथे पोचतं, तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात, तंतू ते उचलतो आणि उलट दिशेनं पडद्यातल्या पेशीपर्यंत आणतो. कोकणातल्या घरची चूल मुंबईतून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटायची, हे तुमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. इथेही तसंच: माणूस दूर गेलेला, घर मागे, आणि घर चालतं ते तिकडून परत येणाऱ्या ऐवजावर. गर्भात तर ही निवड फार कठोर असते. सोळा-सतरा आठवड्यांच्या गर्भाच्या नसेत ३५ लाखांहून जास्त तंतू असतात. जन्मापर्यंत त्यातले जेमतेम एक तृतीयांश उरतात. मेंदूत योग्य ठिकाणी पोचून ज्यांना पुरेसं प्रथिन मिळालं त्या पेशी टिकतात, बाकीच्या गळतात.

असं प्रथिन असतं हे सर्वप्रथम सिद्ध केलं रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी. ज्यू असल्यामुळे इटलीतल्या विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा त्यांनी ट्यूरिनच्या राहत्या घरी, झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम केलं. युद्धानंतर अमेरिकेत त्यांना नर्व्ह ग्रोथ फॅक्टर सापडला आणि स्टॅन्ली कोहेन यांच्यासह १९८६ चं नोबेल मिळालं. पडद्यातल्या गँगलियन पेशींसाठी मात्र त्याहून महत्त्वाचं ठरलं त्याच घराण्यातलं दुसरं प्रथिन, बीडीएनएफ. ते १९८२ मध्ये जर्मनीत डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. तुमच्या नातेवाइकानं ज्याबद्दल ऐकलं असेल ते बहुधा हेच.

प्रथिन नुसतं पेशीजवळ येऊन भागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ते पकडणारं रिसेप्टर लागतं. बीडीएनएफचं मुख्य रिसेप्टर म्हणजे टीआरके-बी. बीडीएनएफची जोडी येऊन दोन टीआरके-बी एकमेकांजवळ ओढते, ते दोघे एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि तिथून आत आदेशांची साखळी सुरू होते. त्यातल्या एका साखळीत एकेटी नावाचं एन्झाइम आहे, ते पेशीतल्या आत्मनाशाच्या यंत्रणेला आवर घालतं. ही यंत्रणा प्रत्येक पेशीत कायम तयार असते. आवर सुटला की बॅक्स नावाचं प्रथिन मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराला, भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर सांडतं, कॅस्पेज नावाची प्रथिनं कापणारी एन्झाइमं जागी होतात आणि पेशी आतून स्वतःला मोडून टाकते. म्हणजे पेशीला जिवंत राहण्याचा निरोप सतत मिळत राहावा लागतो. तो थांबला की मरणं ही तिची ठरलेली वाट आहे.

आणि रिसेप्टर एकच नाही. पी-७५ नावाचं दुसरं एक आहे, त्याला या घराण्यातली सगळीच प्रथिनं चिकटू शकतात. ही प्रथिनं पेशीत आधी कच्च्या, लांब रूपात बनतात आणि मग कापून पक्की होतात. पक्कं प्रथिन टीआरके गटातल्या आपल्या रिसेप्टरला चिकटलं तर पेशी जगते. कच्चं रूप पी-७५ ला आणि त्याच्या सोबतीच्या सॉर्टिलिनला चिकटलं तर उलट मरणाची साखळी सुरू होते. पडद्यात पी-७५ मुख्यतः म्यूलर पेशींवर असतं. त्या आधार देणाऱ्या पेशी आहेत, पण चिथावल्या गेल्या तर टीएनएफसारखी दाहक द्रव्यं सोडतात आणि ती शेजारच्या गँगलियन पेशींच्या जिवावर उठतात. उंदरांवरच्या प्रयोगांत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नुसतं डोळ्यात सोडून पेशी वाचल्या नाहीत. त्याऐवजी फक्त टीआरके-ए ला, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टरच्या मुख्य रिसेप्टरला चिकटणारा, पी-७५ ला न शिवणारा रेणू दिला तेव्हा वाचल्या. प्रथिन तेच, दार वेगळं, परिणाम अगदी विरुद्ध. 'चांगलं प्रथिन आहे, टोचून तरी बघू' या म्हणण्यात धोका आहे तो इथे.

आता काचबिंदूकडे येऊ. डोळ्यातून बाहेर पडताना तंतूंना एका जाळीतून जावं लागतं. डोळ्याच्या पांढऱ्या, जाड कवचात मागच्या बाजूला भोकं असलेले अनेक पातळ थर एकावर एक असतात, त्या भोकांतून तंतूंचे जुडगे निघतात. डोळ्यातलं प्रेशर वाढलं की हे थर मागे दबतात, एकमेकांवरून सरकतात आणि तंतू चिमटले जातात. माकडांवरच्या प्रयोगांत १९७० च्या दशकातच दिसलं होतं की प्रेशर वाढवलं की तंतूंमधली वाहतूक नेमकी या जाळीशी तुंबते. पुढे २००० साली बीडीएनएफ आणि टीआरके-बी शोधले तर तेही तिथेच अडकून साठलेले आढळले.

मी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, भिंग धरून नसेचं तोंड पाहते तेव्हा या सगळ्याचा परिणामच डोळ्यासमोर असतो. निरोगी नसेच्या तोंडाला नारिंगी-गुलाबी कड असते, मधे फिकट खळगा. काचबिंदूत खळगा वाढत जातो, कड आधी बहुधा वर किंवा खाली पातळ होते, रक्तवाहिनी कडेवरून वळताना एकदम वाकून आत उतरते. कधी कडेलगत अगदी बारीक, ज्योतीसारखी उभी रक्ताची रेघ दिसते. ती रेघ पाहिली की प्रेशर कितीही चांगलं असलं तरी मी सावध होते, कारण ती असलेल्या डोळ्यात बिघाड पुढे सरकण्याची शक्यता जास्त असते. बाबांच्या डाव्या डोळ्यात अशी रेघ आहे का, हे पुढच्या वेळी जरूर विचारा. आणि फिल्डमध्ये खात्रीचा दोष दिसेपर्यंत त्या भागातल्या साधारण पाव ते एक तृतीयांश पेशी आधीच गेलेल्या असतात, म्हणून 'थोडंसंच बिघडलंय' हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं तरी हलकं घेत नाही.

तुमचा खरा प्रश्न: वाहतूक तुंबली म्हणून प्रथिन पोचत नाही, तर मग ते सरळ डोळ्यात का सोडायचं नाही? संशोधकांनीही नेमकं हेच केलं. उंदराची नस डोळ्यामागे कापली तर पाचव्या दिवसापासून पेशी मरायला लागतात आणि दोन आठवड्यांत दहातल्या नऊ गेलेल्या असतात. डोळ्यात बीडीएनएफ टोचलं तर हा मृत्यू काही दिवस लांबतो, आणि मग पेशी मरतातच. १९९० च्या दशकातला तो उत्साह असा ओसरला.

कारणं शोधताना जे कळलं ते मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. इजा झालेली पेशी टीआरके-बी कमी बनवू लागते. वर बाहेरून सतत बीडीएनएफ दिलं तर उरलेलं टीआरके-बी आणखी घटतं. आणि पेशीत विद्युत संदेशांची हालचाल नसेल तर असलेलं टीआरके-बीसुद्धा पृष्ठभागावर न येता आतच राहतं. थोडक्यात, आजारी पेशीला प्रथिनाची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी तिची ते घेण्याची ताकद आटते. शिवाय प्रथिन फार काळ टिकत नाही, रक्तातून दिलं तर पडद्याच्या अडसरापलीकडे जात नाही, आणि डोळ्यात महिन्याला टोचत राहणं प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाचा धोका घेऊन येतं. तोंडानं खाल्लेलं प्रथिन तर पोटातच पचतं, त्यामुळे 'बीडीएनएफ वाढवणारी पावडर' वगैरे जाहिरातींकडे पाहूही नका.

म्हणून पुढचे प्रयत्न रिसेप्टरसकट झाले. आधी उंदरांत पडद्याच्या पेशीत टीआरके-बीचं जनुक घातलं, तर पेशी जास्त काळ तगल्या. मग केंब्रिजच्या गटानं बीडीएनएफ आणि टीआरके-बी अशी दोन्हींची जनुकं एकाच निरुपद्रवी विषाणूत बांधून उंदरांच्या डोळ्यात सोडली. ते काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि नुसत्या बीडीएनएफपेक्षा परिणाम चांगला दिसला. माझ्या मते खरी आशा या वाटेवर आहे. पण ती अजून माणसाच्या काचबिंदूचं औषध झालेली नाही.

इंजेक्शन विकणारे लोक दोन खऱ्या औषधांची नावं पुढे करतात, तीही तुम्हाला माहीत असावीत. सेनेगर्मिन हे नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचे थेंब आहेत, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण ते कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या एका आजारासाठी. काचबिंदूत ८ आठवडे वापरून पाहिले तेव्हा ते सुरक्षित ठरले, पण औषध नसलेल्या थेंबांपेक्षा दृष्टीत किंवा फिल्डमध्ये ठोस फरक दिसला नाही. दुसरं सीएनटीएफ. हे वेगळ्या घराण्यातलं प्रथिन, याचे रिसेप्टर वेगळे आणि आतली साखळीही वेगळी. जनुकबदल करून सीएनटीएफ बनवणाऱ्या जिवंत मानवी पेशी एका छोट्या कुपीत बंद करून ती शस्त्रक्रियेनं डोळ्यात बसवतात. कुपीच्या भिंतीतून प्रथिन झिरपत राहतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती आतल्या पेशींपर्यंत पोचत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत याला मंजुरी मिळाली, तीही मॅकटेल या पडद्याच्या मध्यभागाच्या दुर्मिळ आजारासाठी. त्यात पेशींची हानी मंदावते, गेलेली नजर परत येत नाही. काचबिंदूसाठी याच्या चाचण्या झाल्या आहेत, मंजुरी नाही.

प्राण्यात चाललं ते माणसात चालेलच असं नाही, याचा काचबिंदूतला सगळ्यात महागडा धडा मेमँटिन या विस्मरणाच्या आजारावरच्या औषधाचा. दोन हजारांहून जास्त रुग्ण, चार वर्षं, आणि फायदा दिसला नाही. आणि पॅकेजमधल्या स्टेमसेलबद्दल: २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या तीन स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. पडद्याच्या आजारासाठी पैसे भरून त्यांनी पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि त्यांची दृष्टी भयंकर गेली. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: अशा आजारात स्टेमसेलचा वापर फक्त मंजूर चाचणीत करायचा, उपचार म्हणून विकायचा नाही.

मग बाबांसाठी आज काय? प्रेशर आणखी खाली. हे ऐकून तुम्हाला निराश वाटेल, पण वरची जाळी डोळ्यासमोर आणा. प्रेशर उतरवणं म्हणजे चिमटलेले तंतू मोकळे करणं आणि मेंदूतून येणारं बाबांचं स्वतःचं बीडीएनएफ स्वतःच्या पेशीपर्यंत पोचू देणं. ते योग्य रूपात, योग्य मापात, योग्य रिसेप्टरकडे जातं. प्रेशर 'नॉर्मल' असलेल्या काचबिंदूतही १९९८ च्या एका अभ्यासात ते ३० टक्के उतरवल्यावर १२ टक्के डोळे बिघडले, न उतरवलेल्यांत ३५ टक्के. स्वीडनमधल्या अभ्यासात प्रेशरच्या दर एक अंक (मिलिमीटर) घटीमागे बिघाडाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. बाबांच्या डाव्या डोळ्याला १५-१६ पुरेसं नाही, हे फिल्डनंच सांगितलं आहे. फिल्ड एकदा पुन्हा करून खात्री करायची आणि मग १२ च्या आसपासचं लक्ष्य ठेवायचं, त्यासाठी थेंब बदलून, लेझरनं किंवा शस्त्रक्रियेनं, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला.

त्याआधी एक करा. बाबा थेंब कसे घालतात ते शेजारी उभं राहून बघा. माझ्याकडे येणाऱ्या वयस्क रुग्णांत थेंब गालावर पडणं, पापणीवर पडणं, दोन औषधं लागोपाठ घालून पहिलं वाहून जाणं हे फार दिसतं. मान मागे, खालची पापणी बोटानं ओढून खोबण करायची, बाटली न टेकवता एकच थेंब. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरून रक्तात कमी जातं. दुसरं औषध किमान पाच मिनिटांनी. हात थरथरत असेल तर तुम्ही किंवा आईनं घालावं.

थेंबांपैकी ब्रिमोनिडिनबद्दल विचारू शकता. उंदरांच्या पडद्यात ते बीडीएनएफ वाढवतं असं दिसलं आहे, आणि २०११ च्या एका अभ्यासात तेवढंच प्रेशर असूनही ब्रिमोनिडिनवर ९ टक्के रुग्णांचं फिल्ड बिघडलं, टिमोलॉल या दुसऱ्या थेंबांवर ३९ टक्के. पण ब्रिमोनिडिनच्या गटातले पुष्कळ जण अ‍ॅलर्जीमुळे मधेच बाहेर पडले, म्हणून त्या आकड्यावर मी पूर्ण विसंबत नाही. इतर बाबतीत बसत असेल तर ते निवडायला मला आवडतं, एवढंच. निकोटिनामाइड, म्हणजे बी-३, यावर मोठ्या चाचण्या चालू आहेत. त्यातला डोस ग्रॅममध्ये असतो आणि यकृतावर ताण येऊ शकतो, तेव्हा मनानं सुरू करू नका.

चालणं चांगलं. म्हाताऱ्या उंदरांत व्यायामानं पडद्यातलं बीडीएनएफ टिकलं आणि प्रेशरच्या इजेनंतर पेशी सावरल्या असं दिसलं आहे. माणसात भरभर चालण्यानं प्रेशर थोडा वेळ उतरतं हे तर नक्की. बाबा सकाळी योगासनं करत असतील तर शीर्षासन बंद, कारण त्यात डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं. आणि डोळे लाल झाले म्हणून केमिस्टकडून स्टेरॉइडचे थेंब आणू नका.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर तोही मार्ग खुला आहे. खरी चाचणी भारतात सीटीआरआय या सरकारी नोंदणीत सापडते, तिला नीतिसमितीची मंजुरी असते, संमतिपत्र मराठीत मिळतं आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. त्या पॅकेजवाल्यांना नोंदणी क्रमांक विचारून बघा.

आणि ताई, तुमची आणि तुमच्या भावंडांची तपासणी झाली आहे का? काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या नात्यात धोका कित्येक पटींनी जास्त असतो. चाळिशी उलटली असेल तर प्रेशर, कॉर्नियाची जाडी, डोळ्याचा कोन आणि नसेचं तोंड अशा चारही गोष्टी बघून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. बाबांना दाखवायला जाल तेव्हा त्यांच्या जुन्या फिल्डचे सगळे कागद सोबत न्या, अगदी पहिल्यापासूनचे. बिघाड किती वेगानं पुढे जातोय हे ते एकमेकांशेजारी ठेवूनच कळतं, आणि शस्त्रक्रिया आत्ता की नंतर हे त्यावरच ठरेल.